दाजींचं नाक आणि सकाळचा काढा

माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नातली गोष्ट आधी सांगतो, म्हणजे माणूस लक्षात येईल. पंगत बसली होती. नवरदेवाच्या पानात भात पडला, वरण पडलं, बायका आग्रह करायला पुढं सरकल्या, आणि नवरदेव वरणाची वाटी नाकापाशी धरून गप्प बसलेले. आमच्या वडिलांना वाटलं, वाटीत काही पडलं की काय. ते लगबगीनं गेले. नवरदेव खालच्या आवाजात म्हणाले, "मामा, वरण चांगलंय. हिंग तेवढा जुना आहे."

वडील लालेलाल झाले. आचाऱ्याला बोलावलं. आचारी आधी नाही नाही म्हणाला, मग म्हणाला, डबी मागच्या जत्रेतली आहे. आमची आई चुलीपाशी कपाळाला हात लावून बसली. "मैनाचं कसं व्हायचं गं बाई! हा माणूस रोज ताटाला नाक लावणार."

लावलंच. पण त्या नाकावरच माझ्या बहिणीचा संसार उभा राहिला, हेही खरं. नवरदेव म्हणजे माझे दाजी, सावळीराम. पंचवटीत भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचा मसाल्याचा डंक. लोखंडी मुसळं दिवसभर धाडधाड वर-खाली होतात, मिरची कुटायला लागले की अख्खी गल्ली शिंकत जाते-येते. डंक तर नाशकात गल्लोगल्ली आहेत. पण दाजींच्या डंकावर बायका लांबून यायच्या आणि रडवेल्या होऊन घरी जायच्या. कारण दाजी कुणाचाही डबा थेट मुसळाखाली ओतायचे नाहीत. आधी डब्यात हात घालायचे, चिमूटभर धने तळव्यावर चोळायचे, डोळे मिटायचे आणि नाकाशी न्यायचे. मग निकाल. "धने कच्चे आहेत. घरी जा, मंद आचेवर अजून एक हात फिरवून आण." किंवा, "खोबरं करपलंय. हे वर्षभर खाणार? नवरा माहेरी जाईल तुझा."

एकदा एक हवालदारीणबाई आल्या. दाजींनी डबा परत केला. त्या ठसक्यात म्हणाल्या, "मामा, आमचे मालक पोलिसात आहेत."

दाजी म्हणाले, "मग मसाला त्यांच्याकडून भाजून घ्या. गुन्हेगार शेकतात, त्यांना आच कळत असेल."

बाई तणतणत गेल्या. दुसऱ्या दिवशी नीट भाजून घेऊन आल्या आणि पुढच्या वर्षी दोन जावांना बरोबर घेऊन आल्या. असं ते दुकान. आता मशीन दाजींचा मुलगा योगेश चालवतो, पण दाराशी खुर्ची टाकून दाजी बसतात आणि वास घ्यायचं काम त्यांचंच. योगेश कितीदा म्हणायचा, "दादा, गिऱ्हाइकाला परत पाठवू नका हो, शेजारी दुसरा डंक आहे." दाजी ऐकायचे नाहीत. बसायची ती खुर्ची नि घ्यायचा तो वास, यावरच तर माणूस जगत होता.

आता काढ्याकडे येतो. तुळशीचं लग्न लागलं की दुसऱ्या सकाळपासून दाजींचा काढा सुरू. तो थेट महाशिवरात्रीपर्यंत. नाशकाची थंडी तुम्हाला माहीत असेल; पहाटे गोदेवरून वारा सुटला की मफलरीतून कानात शिरतो. अशा वेळी मी म्हसरूळहून चालत त्यांच्या घरी जातो. शेजारचे झुंबर येतात. झुंबर एसटीत कंडक्टर होते, निवृत्त झाले तरी अजून दारातल्या माणसाला "पुढं सरका" म्हणतात. आम्ही दोघं ओट्यावर बसायचं आणि आत दाजींनी काढा करायचा. त्या वेळी स्वयंपाकघरात दुसऱ्या कुणी पाऊल टाकायचं नाही. आमची आक्का, म्हणजे मैना, सगळ्या घराचं खाणंपिणं करते. पण काढ्याच्या पितळी पातेल्याला तिनं हात लावला की दाजी ओरडलेच. "तुझ्या हाताला फोडणीचा वास आहे. लांब हो."

माप काही नाही. सुंठ ठेचायची, मिरी आणि लवंग नुसती फोडायची, दालचिनीचा तुकडा, चहाला वेलदोडा सोलून झाला की ठेवलेली सालं, तुळशीची पानं, गवती चहा गाठ मारून, शेवटी गूळ. पावडर आणलेली चालत नाही; पावडरीला ते "मेलेला मसाला" म्हणतात. पातेल्यावर झाकण ठेवायचं आणि मध्ये मध्ये झाकण उचलून वाफ तोंडावर घ्यायची. दोनदा मान हलवायची, "अजून." तिसऱ्यांदा, "झालं." बस्स, त्या क्षणी गॅस बंद. तो काढा असा व्हायचा की पहिल्या घोटाला छातीतली थंडी पायापर्यंत उतरून तळव्यातून बाहेर पडावी. झुंबर म्हणायचे, "सावळीराम, तू मेल्यावर आमची थंडी कोण काढणार?" दाजी म्हणायचे, "तू आधी मर, म्हणजे तो प्रश्न मिटला."

या वर्षी मात्र काढ्याचं काहीतरी बिघडलं.

सुरुवातीला वाटलं, पहिलाच दिवस आहे. पाण्यात गूळ विरघळवून दिल्यासारखा लागला. दुसऱ्या दिवशी सुंठ इतकी कच्ची की घशात ओरखडे. आठवडा गेला नि मिरी वाढायला लागली. अशी वाढली की एका सकाळी झुंबरांना उचकी लागली आणि दुपारपर्यंत थांबेना. पण बोलणार कोण? आम्ही एकमेकांकडे बघायचो, "वा" म्हणायचो आणि दाजी आत वळले की उरलेला काढा ओट्याखालच्या गटारीत. त्या गटारीला सर्दी म्हणून होणार नाही यंदा.

चेहऱ्यावरून मात्र दाजींना कळायचं. मग त्यांची चिडचिड सुरू. आधी वाण्याशी भांडले. "सुंठ विकतो का वाळकी काडी विकतो?" त्यानं नवी सुंठ दिली. ती आणून त्याच्यापुढंच मोडली, नाकाशी धरली आणि परत त्याच्या अंगावर टाकली. मग दुसरा वाणी, मग तिसरा. मग दोष गॅसचा, "निळी आच कुठं आहे ही?" म्हणून शेगडी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं उघडून, पुसून, लावून दाखवली. दोष पातेल्याचा, कल्हई करून आणली. दोष पाण्याचा, नळाला फडकं बांधलं. सूनबाई सायली एकदा भीत भीत म्हणाली, "दादा, आलं टाकून बघायचं का, सुंठीऐवजी?" तर तिच्यावरच उसळले. "आलं टाकायचं तर मग चहाच प्या की! काढा कशाला पाहिजे?" आणि झाकण असं आदळलं की शेजारच्या घरातलं मांजर उडून पळालं.

एक सांगायचं राहिलं. कोजागिरीच्या सुमाराला दाजींना ताप आला होता. नाशकात तेव्हा घरटी एक तरी आजारी होतं, त्यातलेच हे. आठ दिवसांत उठले. सर्दी राहिली होती तीही गेली. त्यामुळं कुणी पुढं विचार केला नाही.

डंकावर उलटं चाललं होतं. हिवाळ्यात मिरचीचा हंगाम नसतो. बायका डिंकाच्या लाडवासाठी खारीक कुटायला आणतात, कुणी हळद, कुणी थोडाथोडका मसाला. दाजी प्रत्येक डब्यात हात घालायचे, चोळायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "झकास! टाक." एकही डबा परत नाही. बायका खूश. एकजण मला म्हणाली, "मामा म्हातारपणी सुधारले हो." योगेशही खूश. म्हणाला, "मामा, दादांना अखेर धंदा कळला." मीही हसलो. नाकाचा माणूस एकाएकी सगळ्यांना झकास म्हणतो, यात काही खटकायला हवं होतं. पण घरी तोच माणूस काढ्यावरून डोकं आपटत होता, आणि ही दोन टोकं एकत्र जोडायचं मला सुचलं नाही.

ती जोडली गवतानं.

त्या सकाळी घरातली गवती चहाची जुडी संपली होती. दाजी कात्री घेऊन बाहेर आले. अंगणात नळापाशी अर्ध्या पिंपात त्यांचा गवती चहा लावलेला असतो. म्हणजे असायचा. यंदाच्या पावसात पिंपात पाणी साचून तो कुजला. आक्काला ते ठाऊक होतं, म्हणून ती बाजारातून जुडी आणायची; दाजींना वाटायचं पिंपातला अजून वाढतोय. पण गवती चहा गेला तशी त्याच जागी तसलीच लांब, धारदार पाती वर आली होती. नुसतं रानगवत. लांबून तुम्हाला-मलाही फरक कळायचा नाही; गवती चहा ओळखायचा तो पातं चुरगाळून. बकरीला विचारलं तर ती सांगेल.

दाजींनी पाती कापली. त्यांनीही सवयीनं चुरगाळलं, नाकाशी नेलं, आणि मोठ्यानं म्हणाले, "आहा! बाजारातल्या जुडीला येतो का असा? घ्या, घ्या वास." आणि ते पातं माझ्या हातात दिलं.

मी हुंगलं. गवत. ओलं, हिरवं गवत. पुन्हा चुरगाळलं. गवतच. मी झुंबरांकडे दिलं. झुंबरांनी हुंगलं, तोंड उघडलं, "अरे सावळीराम, हा तर चा..." त्यांना चारा म्हणायचं होतं. इतक्यात दाराआडून आक्कानं डोळे असे वटारले की कंडक्टरसाहेबांनी शब्द मध्येच गिळला. "...चांगलाय," म्हणाले.

दाजी आत गेले तशी आक्का बाहेर आली. लहानपणी आंब्याच्या झाडावरून मला खाली बोलवायची तसा तिचा आवाज. "नाथा, आवाज करू नको. त्यांचं नाक गेलंय."

"कधीपासून?"

"तापापासून. परवा दूध उतू जाऊन पार जळलं. हे शेजारी बसून पेपर वाचत होते. सायली वरून धावत आली, मी देवळातून आले तर फाटकापाशी करपट वास. ह्यांना पत्ता नाय."

"मग बोल ना त्यांच्याशी."

"मी बोलू?" आक्का अशी उसळली की मी एक पायरी खाली उतरलो. "मी बोलू? जल्मभर मला त्या पातेल्याला शिवू दिलं नाय. मी म्हटलं वास येतो, तर म्हणणार तुला काय कळतं. मी म्हटलं तुम्हाला येत नाय, तर घर डोक्यावर घेतील. तू पुरुष माणूस, तू सांग."

"हो, तुझ्या भावाला सांगायला लाव," झुंबर म्हणाले. "हा सुरुवात त्याच्या शाळेतल्या मास्तरांपासून करील आणि शिवरात्र उजाडली तरी नाकापर्यंत पोचायचा नाय."

मला राग आला, पण झुंबरांचं खरंच निघालं. दोन दिवस मी प्रयत्न केला. दाजींजवळ बसून आमच्या गावच्या एका पहिलवानाची गोष्ट सांगितली, त्याचा कान बधिर झाला होता. मग त्या पहिलवानाच्या म्हशीची सांगितली. मग म्हैस विकायला मालेगावच्या बाजारात नेली तिथली सांगितली. दाजी पोट धरून हसले. आणि नाक तिथंच राहिलं.

तिसऱ्या सकाळी भागुबाई आली. ही भाजीबाजारात कोथिंबीर-मेथीची पाटी लावते, दाजींचं जुनं गिऱ्हाईक. काढा उकळत होता, आम्ही ओट्यावर होतो, योगेश गाडी पुसत होता. भागुबाईनं पदर खोचला, काखेतला स्टीलचा डबा ओट्यावर ठेवला आणि झाकण उघडलं. आम्ही सगळ्यांनी एकदम नाकाला हात लावला. करपलेला, कडू, धूर कोंडल्यासारखा वास.

"मामा!" ती ओरडली. "बाहेर या. हा मसाला तुम्ही झकास म्हणाला. मला शंका होती, सून भाजायला बसली नि फोनवर बोलत राहिली. मी म्हटलं मामा हायेत, मामा परत धाडतील. तुम्ही कुटून दिला. आता एवढा मसाला मी कुठं घालू? नदीत? घ्या, घ्या ना वास!"

दाजी बाहेर आले. हातात झाकण तसंच. त्यांनी आमच्याकडे बघितलं. आम्ही दोघं नाक धरून. योगेशनं फडकं नाकाला लावलेलं. दाजींनी ते बघितलं, असं मला वाटतं. पण माणूस हट्टी. ते वाकले, डब्यावर नाक नेलं, डोळे मिटले, लांब श्वास घेतला.

"थोडा जास्त भाजलाय," ते म्हणाले. "पण ठीक आहे. भाजीत मुरला की कळणार नाही."

आत काढा गदगदत होता. भागुबाईचा राग तोंडावरून उतरत गेला. तिनं डब्याचं झाकण हळूच लावलं, जोर न करता, आणि म्हणाली, "मामा, तुम्हाला येत नाय व्हय?"

दाजी म्हणाले, "कशाचाच येत नाही."

आणि मग माणूस ओट्यावर बसला. सांगायला लागला ते थांबेना. म्हणाले, "झाकण उचलतो तर नुसतं गरम लागतं. कागद हुंगावा तसं. जिभेला गोड कळतं, तिखट कळतं, म्हणून मी मिरी टाकत गेलो; म्हटलं काहीतरी तरी कळू दे. वाण्याला शिव्या दिल्या. बिचाऱ्याची सुंठ चांगली असेल." मध्येच आवाज चढला. "आणि तुम्ही? रोज वा वा करत पिता! झुंबर, तुला उचकी लागली तरी वा! लाज नाही वाटत?"

"तिकीट काढून बसलो असतो तर अर्ध्या रस्त्यात उतरलो असतो," झुंबर म्हणाले. "फुकटात बसलेला माणूस कुठं उतरणार?"

कुणी हसलं नाही. योगेशचं तोंड उतरलेलं. तो वाईट मुलगा नाही, पण धंदा त्याच्या मानेवर आहे. म्हणाला, "दादा, भागुमावशींना मी नवा मसाला करून देतो. पण तुम्ही आता डंकावर येऊ नका. फाल्गुन लागला की मिरचीची पोती सुरू. तेव्हा असं झालं तर गल्लीत तोंड दाखवायची सोय राहणार नाही. घरी बसा. आराम करा."

आराम हा शब्द दाजींना असा लागला की शिवी परवडली. ते उठले, आत गेले, गॅस बंद केला आणि काढा तसाच मोरीत ओतला.

मग कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे नेलं. मी बरोबर होतो. डॉक्टर पोरगेला, गोड बोलणारा. त्यानं नळी घालून बघितलं. म्हणाला, "आजोबा, तापात असं होतं. परत येईल, कदाचित नाहीही येणार. तुम्ही एक करा, रोज सकाळ-संध्याकाळ लवंग, लिंबू असं काहीतरी नाकाशी धरून हुंगत बसा. तो वास कसा असायचा ते आठवत हुंगायचं."

दाजी त्याच्याकडे बघत राहिले. बाहेर आल्यावर फुटले. "लवंग हुंग म्हणतोय! नाथा, मी आयुष्यभर काय केलं? पोत्यानं लवंगा हुंगल्या. हे मला औषध सांगतो?" रिक्षावाला वळून बघायला लागला. "तुम्ही पुढं बघा!" त्याच्यावरही ओरडले.

चार सकाळी गेल्या. काढा नाही. आम्ही ओट्यावर जाऊन बसायचो, सायली चहा आणून द्यायची, आम्ही प्यायचो नि उठायचो. दाजी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून. खिशात लवंगा होत्या, त्या हुंगायच्या नि परत खिशात. पाचव्या सकाळी आक्काची सहनशक्ती संपली. आतून तिचा आवाज आला.

"उठा. पातेलं ठेवा."

"कशाला?"

"काढा करा."

"मला कळणार नाही झालेला."

"मला कळंल. मला नाक हाय."

मी आणि झुंबर उठून स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभे राहिलो. असली मजा सोडायची नसते. दाजींनी रागारागानं सुंठ ठेचली, मिरी फोडली, बाजारातली गवती चहाची जुडी गाठ मारून टाकली. झाकण ठेवलं. थोड्या वेळानं उचललं, सवयीनं स्वतः वाकले, मग मागं सरले आणि आक्काला म्हणाले, "घे."

आक्का वाकली. वाफ तोंडावर घेतली.

"येतोय वास," ती म्हणाली.

"कसला?"

"चांगला."

"चांगला म्हणजे काय? लवंग पुढं आहे का सुंठ पुढं?"

"मला काय माहीत? काढ्याचा येतोय."

"काढ्याचा!" दाजींनी कपाळ बडवलं. "काढ्याचा वास काढ्याला येणारच की! अगं, कशासारखा येतो ते सांग!"

"मला नाय सांगता येत. मला कधी विचारलं होतं का तुम्ही? इतकी वर्षं लांब हो, लांब हो. आता एकदम परीक्षा घेता व्हय?"

झुंबरांनी मला कोपरानं ढोसलं. आक्का पुन्हा वाकली, या वेळी डोळे मिटून, आणि बराच वेळ तशीच राहिली.

"पावसात भिजलेल्या घोंगडीसारखा," ती म्हणाली.

दाजींचं डोकं वर आलं. "घोंगडीसारखा? म्हणजे सुंठ अजून पाण्यातच आहे. कच्चा आहे. उकळू दे."

उकळू दिला. परत झाकण.

"आता?"

"देव्हाऱ्यात उदबत्ती विझल्यावर राहतो तसा."

"ती लवंग. एकटीच आलीय पुढं. थांब." त्यांनी आच कमी केली.

तिसऱ्यांदा आक्का वाकली आणि तिचा चेहराच बदलला. "अगं बाई. बाळंतिणीच्या खोलीत गेल्यावाणी वाटतंय. योगेश झाला तेव्हाची आमची माहेरची खोली."

"झालं!" दाजी ओरडले आणि गॅस बंद केला.

त्या दिवशीचा काढा मी प्यायलो. पूर्वीसारखा होता का? पूर्वीसारखा नव्हता. थोडा जास्त शिजला होता, मला विचाराल तर. पण ओट्याखालच्या गटारीत एक थेंब गेला नाही.

तिथून पुढं आमच्या सकाळींची वाट लागली. दाजी प्रत्येकाला विचारायला लागले. "चांगलाय" म्हणायची सोय नाही. एक घोट घेतला की कशासारखा ते सांगायचं. झुंबर एकदा म्हणाले, "एसटीच्या नव्या सीटसारखा," तर दाजींनी ग्लास काढून घेतला. मी आमच्या शाळेच्या फळ्याचं नाव घेतलं, तर म्हणाले, "खडूचा वास का ओल्या फळ्याचा? नीट सांग." थंडीत काकडत बसलेल्या माणसानं किती डोकं चालवायचं? आणि ते स्वतः कधी खूश नसत. एवढ्या सगळ्या सांगण्यातून ते काहीतरी जोडायचे, आणि जुळलं नाही की चिडायचे. "तुम्हा तिघांची तीन नाकं आणि तिन्ही निकामी!" म्हणायचे. खिशातल्या लवंगेनं त्यांना अजून काही दिलेलं नाही. एकदा म्हणाले, आल्यासारखा वाटला. मग म्हणाले, नाही, नुसतं आठवलं.

योगेशनं खुर्ची डंकाच्या दाराशी होती तशीच ठेवली होती, पण दाजींना बोलावलं नव्हतं. दाजीही मागत नव्हते. फक्त डंक सुरू व्हायच्या वेळेला घरात उगाच वस्तू उचलून ठेवायचे.

परवाची सकाळ. मिरचीचा हंगाम तोंडावर आलाय, शिवरात्र जवळ आलीय, काढ्याचे हे शेवटचेच दिवस. पातेलं शेगडीवर, आक्कानं पहिलं झाकण उचललेलं, आणि दाजींचा फोन वाजला. योगेश. दाजींनी स्पीकर लावला, कारण त्यांना फोन कानाला लावून बोलताच येत नाही.

"दादा, एक बाई आल्यात. काळ्या मसाल्याचं भाजून आणलंय. मला जास्त झाल्यासारखं वाटतंय, त्या म्हणतात बरोबर आहे. भांडायला उठल्यात."

"मग?"

"मग म्हणून फोन केला."

"वास घे."

"घेतला."

"कशासारखा येतो?"

"मसाल्यासारखा."

"अरे गाढवा!" दाजी एवढ्यानं ओरडले की फोनशिवाय ऐकू गेलं असतं. "खोबऱ्याचं तेल तापवल्यासारखा आहे, का चुलीत करवंटी पडल्यासारखा?"

पलीकडे बोलणं झालं. एक बाईचा आवाज आला, "द्या इकडं, मी सांगते." आणि ती बाई म्हणाली, "मामा, वरून तेलासारखा येतोय. पण हात खाली घातला नि चोळलं तर... थांबा हं... तर इस्त्रीखाली कापड राहिल्यासारखा."

दाजींनी डोळे मिटले. ओठ हलत होते.

"खालचा थर करपलाय," ते म्हणाले. "वरचा चांगला आहे. कालवू नका. तसाच ठेवा, काही करू नका, मुसळाला हात लावू नका, मी येतो."

"दादा, रिक्षानं या," योगेश म्हणाला.

"चालत येतो. मला काय झालंय?" त्यांनी मफलर गुंडाळली, एकच चप्पल सापडली, दुसरीवरून सायलीवर ओरडले, ती पायातच निघाली. निघाले. आक्कानं दोन क्षण त्यांच्या पाठीकडे बघितलं. मग हात पुसले, पदर डोक्यावर घेतला. "त्या बाईचं नाक कसलं, काय भरवसा?" म्हणाली आणि तीही त्यांच्या मागं गेली.

ओट्यावर मी आणि झुंबर. काढा शेगडीवर. पाच मिनिटं वाट बघितली, ते काही येईनात. शेवटी झुंबरांनी उठून गॅस बंद केला आणि आम्हीच गाळून घेतला.

कच्चा होता.